नोझलची तक्रार

अंगावर गुलाबपाणी पडलं आणि माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा... हा पंप कुठल्या कंपनीचा?

आता कुणी म्हणेल, काय बाई पोरगी आहे. मे महिना, कामरगावचं ऊन आणि माझ्या मावसबहिणीचं, पौर्णिमाचं लग्न. मी पांढऱ्याशुभ्र साडीत, केसांत मोगरा माळून, नुकतीच मंडपाच्या कमानीतून आत येते आहे. कमानीशी एक उंचसा मुलगा पाठीवर फवारणीचा पंप बांधून उभा. पाहुणे उन्हातून येताहेत म्हणून तो प्रत्येकावर गुलाबपाण्याचा फवारा मारतो आहे. माझ्या पुढच्या आजीबाईंवर नाजूक तुषार, मागच्या घोळक्यावर नाजूक तुषार... आणि माझ्यावर धार. भांगापासून पदरापर्यंत सरळ धार.

दुसरी कुणी असती तर तिनं त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. मी त्याला वळसा घालून मागं गेले आणि टाकीवरचं नाव वाचलं. शिवारधारा. निळी टाकी, बॅटरीवालं नवं मॉडेल.

"सॉरी मॅडम... नोझल सैल हाये थोडं," तो मान वळवून म्हणाला.

"यात आधी औषध होतं का?"

"नाई बापा. कोरा पंप हाये. औषधाचा थेंब नाई गेला यात अजून. पायजे तर वास घेऊन पाहा."

मी पदर नाकाशी नेला. गुलाब, आणि गुलाबाच्या खाली नव्या प्लास्टिकचा वास. म्हणजे खरं बोलत होता.

"नोझल पहिल्यापासूनच सैल होतं, की वापरून झालं?"

तो बघतच राहिला. डोळे मोठे हसरे होते, पण आता त्यांत जराशी भीतीही दिसली. "मॅडम... टॉवेल आनून देऊ का?"

"आणा. आणि बॅटरी किती वेळ टिकते तेही सांगा."

ही माझी खोडच आहे. मी धम्मदीपा, घरची दीपा, इंझोरीची. मुंबईत एका गुंतवणूक संस्थेत नोकरी करते. लोक म्युच्युअल फंडात पैसे टाकतात, ते कोणत्या कंपनीच्या शेअरमध्ये घालावेत आणि कोणत्या नाही, हे आधी शोधून सांगायचं माझं काम. गावात हे कुणाला समजावता येत नाही. पौर्णिमाची आई, लिलाबाई मावशी, सरळ सांगून टाकते, "बँकेत हाये." बाबांनी मात्र एकदा विहारापुढच्या ओट्यावर बसून सगळ्यांना नीट सांगितलं होतं. "सोयरीक जमवायच्या आधी आपन चौकशी करतो का नाई? पोरगा कसा, घर कसं, बोलनं खरं का खोटं? आमची दीपा तेच करते. कंपन्यायची चौकशी." माझ्या कामाची इतकी सोपी ओळख आमच्या साहेबांनाही कधी करून देता आली नाही.

शिवारधारा ही कंपनी मला सापडली तीही बाबांमुळेच. मागच्या वर्षी त्यांनी हा निळ्या टाकीचा पंप घेतला, तेव्हाचं मॉडेल, आणि तो कुणाला द्यायला ते तयार होईनात. बैल द्यायचे, बैलबंडी द्यायचे, पंप मागितला की म्हणायचे, "चार्जिंग नाई." खोटं. ज्या माझ्या बापानं, पुंजाजीनं, जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही, तो माणूस एका पंपासाठी शेजाऱ्याशी खोटं बोलतो, म्हणजे त्या पंपात काहीतरी असलं पाहिजे. शोधलं तर कंपनी छोटी, बाजारात नुकतीच आलेली, मोठ्या लोकांचं अजून लक्ष न गेलेली. मी ती साहेबांपुढे ठेवली. लग्नानंतरच्या सोमवारी माझा अहवाल द्यायचा होता. तो पटला तर शिवारधारात आमच्या फंडाचे पैसे लागणार होते आणि त्या फंडाचा एक छोटा हिस्सा स्वतः सांभाळायला मला मिळणार होता. इतकी वर्षं सल्ला माझा आणि निर्णय दुसऱ्याचा, असं चाललं होतं. आता निर्णयही माझा होणार होता. म्हणून लग्न आटोपून आजूबाजूची चार गावं फिरायची, दुकानांत आणि शेतांत पंपांची चौकशी करायची, असं ठरवूनच मी आले होते. आणि इथे तर पंपच चालून अंगावर आला.

त्रिशरण-पंचशील झालं. पौर्णिमानं आणि रवीनं एकमेकांना हार घातले, आम्ही पाकळ्या उधळल्या. त्या गडबडीत मी एकदोनदा मागं वळून पाहिलं. दर वेळी तो माझ्याकडेच बघत होता. पंप आता त्याच्या पाठीवर नव्हता आणि मला, खरं सांगते, जराशी चुटपुटच लागली.

जेवणाच्या रांगेत तो ताट घेऊन नेमका माझ्या मागे आला.

"जय भीम. वाळली का साडी?"

"वाळली. जय भीम. तुम्ही रवीकडचे?"

"हाव. केनवडचा. रवी माह्या वर्गातला. म्हने, माह्या लग्नात काईतरी येगळं कर. बाकीचे डीजे आनतात, म्या पंप आनला."

"शेती करता?"

"हळद हाये, सोयाबीन हाये. आई पाह्यते, मी सुट्टीच्या दिवशी पाह्यतो."

सुट्टी कशापासून, हे विचारायला हवं होतं. पण माझं सगळं ध्यान त्या पंपात. "लग्नात फवारणीचा पंप... हे आणखी कुणी करतं?"

"आता सगळेच करून राह्यले. लग्नात गुलाबपानी, होळीले रंग, अन् येळ भेटला तर फवारनी." तो हसला. हसताना त्याच्या एका गालाला खळी पडायची, एकालाच. "हाताचा पंप आता कोनाले नको. खांदा भरून येते. या साली आपल्या जिल्ह्यात मागच्या सालच्या डबल गेले हे."

वरणाचा डाव माझ्या हातात होता तो तसाच हवेत राहिला. "डबल? कशावरून म्हणता?"

"मले नाई तर कोनाले मालूम असन?" त्यानं ताट एका हातावर तोललं आणि खिशातून कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. कार्डाला गुलाबाचा वास येत होता. त्यावर त्याचं नाव होतं, उत्कर्ष. नावाखाली होतं, विक्री अधिकारी, शिवारधारा पंप्स, वाशीम जिल्हा.

मी डाव पातेल्यात सोडून दिला.

"थांबा. यापुढे पंपाबद्दल एक अक्षर बोलू नका."

"काहून? आतापरेंत तर तुमीच..."

"मी शेअरच्या धंद्यात आहे. तुमच्या कंपनीचे शेअर घ्यायचे की नाही, ते ठरवायलाच मी आले आहे. कंपनीच्या माणसाकडून आतली गोष्ट कळली आणि त्यावर आम्ही शेअर घेतले, तर तो गुन्हा होतो. तुमचाही आणि माझाही."

मागून कुणीतरी "चला ना पुढं" म्हणालं. आम्ही ताटं घेऊन बाजूला झालो.  तो हळूच म्हणाला, "म्हंजे तुमी मघापासून मले नाई... पंपाले विचारून राह्यल्या होत्या?"

माझे कान तापले. 

"मले वाटलं, कोनी पोरगी पह्यल्यांदाच माह्याशी इतकं बोलून राह्यली." तो हसत म्हणाला खरा, पण गालाला खळी पडली नाही. आणि ती पडली नाही हे मला फार लागलं. का लागलं, याची चौकशी मी त्या वेळी टाळली.

थोड्या वेळानं तोच म्हणाला, "जेवल्या का, हे विचारता येते?"

"ते येतं."

"मंग बुंदी घ्या. बुंदीत आतली गोष्ट काई नाई."

संध्याकाळी कारंज्याला जाणाऱ्या जीपमध्ये चढले, तर समोरच्या बाकावर तोच. पंप परत करायला कारंज्याच्या दुकानात निघालेला. पंप मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याच्या नोझलला स्वतःचा रुमाल गुंडाळून पक्की गाठ मारली होती, पाणी पुन्हा माझ्यावर गळू नये म्हणून. मी ती गाठ पाहिली आणि बाहेर पाहायला लागले. दोन्ही बाजूला काळी, नांगरून ठेवलेली रानं. कडूनिंबाखाली गुरं. गरम वाऱ्याची झुळूक आली की मोगऱ्याचा आणि गुलाबाचा वास एकदमच यायचा आणि कुठला माझा, कुठला त्याचा, कळायचं नाही.

मग मी पंप सोडून चालेल तेवढं सगळं विचारलं. त्याच्या आईचं नाव पंचफुला, ती हळद शिजवते तेव्हा वास अर्ध्या गावात जातो. अकोल्याला शिकला, पुण्याला नोकरीला गेला, वापस आला. "काहून आलात?" मी विचारलं आणि माझ्या तोंडून 'काहून' गेलं याचं मलाच नवल वाटलं.

"तिथं कोनी विचारेच ना, जेवला का म्हनून," तो म्हणाला.

कारंजा जवळ आलं तसा तो रुमालाच्या गाठीशी चाळा करत राहिला. "एक गोष्ट सांगू का? मघापासून मनात हाये. कोनालेच नाई सांगितली. या पंपाचीच हाये... म्हंजे, पंपाची हाये, पन..."

मी दोन्ही कानांवर हात ठेवले. "नको. पंपाची असेल तर अजिबात नको."

"आयकून तर घ्या."

"उत्कर्ष, तुम्ही सांगितलंत तर ते मला ऑफिसात सांगावं लागेल."

"आफिसात?" तो कानापर्यंत लाल झाला. "आफिसात नोका सांगू. राहू द्या मंग."

जीप थांबली. पंप खांद्याला लावून तो उतरला, दोन पावलं गेला, परत फिरला. "मंग कधी सांगता येईन?"

"जगाला कळेल तेव्हा."

"जगाले कायले मालूम पडते ते," असं काहीतरी पुटपुटत तो गर्दीत गेला. मी मात्र इंझोरीच्या एसटीत बसून एकच गोष्ट घोळवत राहिले. कंपनीच्या माणसाच्या मनात असं काय असेल, जे त्यानं कुणालाच सांगितलं नाही?

सकाळी बाबा अंगणात पंप धूत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. आमचं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं. मी गप्प राहिले असते तर अहवाल माझा, फंडाचा हिस्सा माझा. आणि ते 'डबल' माझ्या डोक्यात होतंच, त्याच्यावर अहवाल कसा झकास उभा राहिला असता.

बाबांनी टाकी उपडी केली. "चौकशी करायले गेलेला मानूस नवरदेवाच्याच घरी जेवून आला, तर त्याची चौकशी कोन मानन, सांग बरं?"

मी फोन हातात घेतला.

आमच्या ऑफिसात नियम सांभाळायचं काम साधना मॅडमकडे आहे. त्यांच्यासमोर आमचे साहेबसुद्धा हळू बोलतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लिहून घ्यायला सुरुवात केली.

"नाव?"

"उत्कर्ष."

"तुझा त्याचा संबंध काय?"

"काही नाही मॅडम. त्यानं माझ्या अंगावर पाणी उडवलं."

"असं लिहू?"

"...लग्नातला पाहुणा, असं लिहा."

"बरं. हा अहवाल आता तू लिहायचा नाहीस, ऋषिकेश लिहील. तू जे ऐकलंस त्यातलं त्याला काही सांगायचं नाही. फक्त जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस, ते सांगू शकतेस. काय पाहिलंस?"

काय पाहिलं होतं मी? एक खळी पाहिली होती. "नव्या मॉडेलचं नोझल सैल आहे," मी म्हणाले. "फवारा पडत नाही, धार लागते. मी स्वतः भिजले."

"हे चालेल."

इतक्या महिन्यांच्या कामातून माझं म्हणून एवढं एकच वाक्य त्या अहवालात गेलं. फंडाच्या हिश्शाचं 'पुढच्या वर्षी बघू' झालं. मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. न्हाणीत नळ सोडून चांगली रडले.

मुंबईला पोचले त्या दिवशी मेसेज आला. "जय भीम. लिलामावशीनं नंबर देला. जेवल्या का? हे चालते ना?"

मी साधना मॅडमना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "बोला की. कंपनी सोडून काहीही बोला."

कंपनी सोडून! त्या माणसाचा सगळा दिवस पंपात जायचा. आज काय केलं विचारलं की म्हणायचा, "जेवलो." त्याच्या आधी? "ते सांगता येत नाई." त्याच्या नंतर? "तेबी नाई." मग हळद किती वर आली, पंचफुलाबाईंनी अंबाडीची भाजी कशी केली, धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बाभळीवर कुठला पक्षी आला, हे सगळं तो सांगायचा. कुठल्याशा पक्ष्याचा आवाज फोनवर ऐकवायचा आणि मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून ऐकायची.

"पाऊस झाला का?" जुलैत एकदा मी विचारलं.

"झाला. जबरदस्त झाला. आता लोक दुकानात धडाधड..."

"थांबा."

"...धडाधड छत्र्या घेऊन राह्यले."

मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरून ऋषिकेशनं मान वर केली. अशा दिवसांत कधीतरी मी साहेबांना फोनवर "हाव" म्हणून बसले आणि तेव्हा मला कळलं की मी गेले कामातून.

पण ती गोष्ट काही मनातून जाईना. रुमालाची गाठ, लाल झालेले कान आणि 'पंपाची हाये, पन...' पन काय? पंप फुटत होते? कंपनी आतून पोकळ होती? एखाद्या कंपनीत काय पाणी मुरतंय हे चार दिवसांत शोधून काढणारी मी, आणि ज्याच्याशी रोज बोलते त्याला एक प्रश्न विचारू शकत नव्हते. त्याचं कुतूहल होतं म्हणून मी बोलत होते, की बोलावंसं वाटायचं म्हणून कुतूहल होतं, हेही मला नीट सांगता आलं नसतं.

ऑगस्टमध्ये शिवारधाराचा तिमाहीचा निकाल आला. विदर्भात विक्री दुप्पट. कंपनीनं स्वतः जाहीर केलं, पेपरात छापून आलं, शेअर चढला. ऋषिकेशनं पेढे वाटले. साहेब पेढा खाताखाता म्हणाले, "सगळं बरोबर होतं, मग आपण ठरलं होतं त्याच्या निम्मेच का घेतले?"

"नोझल," ऋषिकेश म्हणाला, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माझं तिकडे लक्षच नव्हतं. जगाला कळलं होतं. म्हणजे आता मला विचारता येणार होतं. त्याच संध्याकाळी मी कारंज्याची ट्रॅव्हल्स पकडली.

"कुठं आहात?" सकाळी घरी पोचताच मी फोन केला.

"इंझोरीत," तो म्हणाला. "डेमो हाये. तुमच्याच वावरात."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा टोपी घालत होते. "नवं मॉडेल दाखवतो म्हने," ते सहज म्हणाले. मग चपला शोधताशोधता, त्याहून सहज, "पोरगा चांगला हाये. म्या जाऊन आलो केनवडले. आईबी चांगली हाये. हळद देल्ली त्याइनं."

"बाबा, तुम्ही चौकशी केली?"

"तू कोनावर गेली, मंग?"

वावरात सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं. आभाळ भरून होतं, पण थांबलेलं. उत्कर्ष निळी टाकी पाठीवर घेऊन तासातून, दोन ओळींच्या मधून, चालत होता, टाकीत नुसतं पाणी, आणि त्याच्या हातातल्या नळीतून इतका बारीक, इतका सारखा फवारा पडत होता की पानं हलतसुद्धा नव्हती. मला पाहून तो थांबला. बाबा धुऱ्याच्या पलीकडे, ऐकू येणार नाही इतकं दूर जाऊन, उगाच तण उपटायला लागले.

"नोझल दुरुस्त केलेलं दिसतंय," मी म्हणाले.

"काय झालं होतं त्याले?" तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

मी जवळ गेले. "जगाला सगळं कळलंय आता. विचारू?"

"विचारा."

"जीपमध्ये काय सांगणार होतात?"

त्यानं पंप उतरवून धुऱ्यावर ठेवला. बराच वेळ पट्टा सरळ करत राहिला. "नोझल सैल नव्हतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"नोझलले काईच झालं नव्हतं, दीपा. तुमी कमानीतून आल्या... मोगरा लावून. बाकीच्याईवर फवारा मारला, तर सारे हसून पुढं निंघून गेले. मनलं, हेबी निंघून जाईन. म्हनून नोझल पुरं फिरवलं. मनलं, भांडायले तरी थांबन."

"आणि मी भांडले नाही."

"तुमी टाकीवरचं नाव वाचलं. मले वाटलं, गेली आता नौकरी."

"मग तो रुमाल? जीपमध्ये नोझलला रुमाल बांधला होतात."

"एक डाव खोटं बोललं, की मंग पुरतं बोला लागते."

मी तशीच धुऱ्यावर बसले. आधी हसू आलं, मग ते थांबेना. मुंबईत एक मोठा फंड, त्यात कुणाकुणाची आयुष्यभराची बचत, मोठमोठे साहेब, आणि त्या सगळ्यांनी निम्मे शेअर कमी घेतले, ते एका मुलाला एक मुलगी थांबवायची होती म्हणून. मी त्याला सांगितलं, तसा त्याचा चेहरा उतरला.

"माह्या नोझलपायी?"

"तुमच्या नोझलपायी."

"मंग आता?"

हसू ओसरलं, आणि खाली जे होतं ते दिसायला लागलं. "आता मला हे ऑफिसात सांगावं लागेल. चुकीची गोष्ट मी खरी म्हणून सांगितलीय. ती दुरुस्त करायची, तर का चुकली तेही सांगायचं. आणि ते सांगितलं की शिवारधारा मला बंद. तीच नाही, पंप, फवारणी, तुमच्या धंद्यातल्या सगळ्या कंपन्या. आमच्या ऑफिसात वावरात उभं राहिलेली मी एकटी आहे, उत्कर्ष. मला जे सगळ्यात चांगलं कळतं, तेच सोडावं लागेल."

तो माझ्या शेजारी बसला, मध्ये पंप. "मी सोडतो ना नौकरी. हळद हाये आपली."

आपली म्हणाला तो. मला ते ऐकू आलं.

"कायले सोडता?" मी म्हणाले. "चांगली कंपनी हाये. म्या चौकशी केली हाये."

तो वळून बघायला लागला. ही वऱ्हाडी त्यानं माझ्या तोंडून इतकी सलग कधी ऐकली नव्हती. आणि खळी पडली. मी फोन काढला, साधना मॅडमना लावला आणि स्पीकर सुरू करून पंपाच्या टाकीवर ठेवला. पुन्हा कुणी आतली गोष्ट म्हणायला नको.

"मॅडम, ते शिवारधाराचं नोझल... ते चांगलं आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"कंपनीच्या माणसानं. त्यानं ते त्या दिवशी मुद्दाम सैल केलं होतं."

"मुद्दाम का?"

मी सोयाबीनकडे पाहिलं. उत्कर्षनं आभाळाकडे.  साधना मॅडमना कळलं असावं, कारण पुढचं त्या जरा मऊ आवाजात बोलल्या.

"तोच का हा? पाणी उडवणारा?"

"तोच."

"मे महिन्यात मी तुला विचारलं होतं, तुझा त्याचा संबंध काय. तू म्हणालीस, काही नाही. ते तसंच ठेवू, की बदलायचं?"

"बदला."

"काय लिहू?"

 फवाऱ्याचे थेंब अजून पानांवर होते. "होणारा नवरा," मी म्हणाले.

"त्याला विचारलंस का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल प्रत्येकाला विचारत सुटणारी मी, एवढं एक विचारायचं राहूनच गेलं होतं. "काय हो?" मी म्हणाले. 

"हाव," तो म्हणाला. मग टाकीवरच्या फोनकडे वाकून, प्रत्येक शब्द नीट लावत, "हाव मॅडम. लिहून घ्या."

"मग दीपा, पंप-फवारणी आजपासून तुला बंद. बँका आहेत, साबण आहेत, औषधं आहेत. बाकीचं जग मोकळं आहे तुला." कागद उलटल्याचा आवाज आला. "आणि तारीख लागते इथं. संबंध कधीपासून?"

"कमानीपासून मॅडम," उत्कर्ष म्हणाला. "कामरगावच्या."

मी फोन उचलला, तेव्हा आमच्या मधला पंप जागेवर नव्हता. बाबा कधी आले आणि कधी तो पाठीवर चढवून तासात गेले, आम्हाला कळलंच नव्हतं. त्यांनी नोझल एकदा उजवीकडे फिरवलं, एकदा डावीकडे फिरवलं, हात पुढे धरून फवारा तळहातावर घेऊन पाहिला.

"दीपा," ते तिथूनच म्हणाले, "याचं नोझल तर एकदम बरोबर हाये वं."